लांब बाजू आठशे

नेव्हिल ट्रेगेन्झाला आमच्या पोर्ट कारोत तोंडावर नेव्ह म्हणतात आणि पाठ वळली की 'लांब बाजू'. हे नाव कुणी त्याला चिकटवलेलं नाही. त्यानं ते स्वतःच्या कष्टानं कमावलंय.

आयुष्यभर तो धान्याच्या कोठारांवर गव्हाच्या ट्रकांचा वजनकाटा सांभाळायचा. आमच्याकडं सुगी ऐन उन्हाळ्यात, डिसेंबरात; त्या भाजत्या उन्हात ट्रकांची रांग पार घोडशर्यतीच्या मैदानापर्यंत जायची, आणि एखादा ट्रक चिमूटभर जड निघाला की नेव्ह खिडकीतून एक बोट हलवायचा. मागं घे.

"अरे नेव्ह, वाटेत दोन घोट पाणी प्यालोय, तेवढंच जास्तीचं असेल बघ."

"मग मुतून ये आणि पुन्हा चढ काट्यावर."

पुढं काट्यावर यंत्र आलं, नेव्हची खोपटी बुलडोझरनं पाडली, आणि हलवायला बोट तेवढं उरलं. ते मग त्यानं फोरमवर नेलं.

फोरम म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या फोटोवेड्यांची इंटरनेटवरची बैठक. गावात टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट यायचं त्या काळातली. तेव्हा एखादा फोटो पडद्यावर वरून खाली, खिडकीचा पडदा ओढल्यासारखा सावकाश उतरायचा, आणि तो पाणकोळ्याच्या चोचीपर्यंत आला की बायको स्वयंपाकघरात फोन उचलायची आणि इंटरनेट तुटायचं. संपलं. म्हणून नेव्हनं नियम केला की फोटोची लांब बाजू आठशे पिक्सेलच्या वर नको. त्या वेळी तो नियम शहाणपणाचा होता. एवढं श्रेय त्याला द्यायला हवं, म्हणून देतो आणि पुढं जातो.

तारा गेल्या. आता धक्क्यावर माकूळ पकडता पकडता माणसं फोनवर अख्खी फुटबॉलची मॅच बघतात. नियम मात्र आठशेचा तो आठशेचाच, उलट त्याला पिलं झाली. फोटोभोवती बारीक काळी रेघ, तिच्याबाहेर पांढरी चौकट. दिवसाला एकच फोटो. स्वतःचा टाकण्याआधी दुसऱ्या दोघांच्या फोटोंवर अभिप्राय, आणि नुसतं 'छान' म्हणणं हा अभिप्राय धरला जाणार नाही. एका नवख्यानं आयुष्यातला पहिला फोटो टाकला, खंड्या पक्ष्याचा, जीव ओतून काढलेला. त्यावर नेव्हनं लिहिलं, "पक्षी बरा. लांब बाजू आठशे एक." आणि फोटो काढून टाकला. तो माणूस पुन्हा फोरमवर दिसला नाही. ऐकतो की आता त्यानं मधमाश्या पाळल्यात.

कुणी विचारलं, बाबा, हे लहान करायचं कसं, तर नेव्हनं पायऱ्याच लिहून ठेवल्या होत्या. फोटो उघड. लहान कर. सेव्ह कर. टाक. त्याखाली ठळक अक्षरांत: एका फोटोच्या दोन फायली ठेवणं म्हणजे गबाळेपणा. आम्ही सगळी शहाणीसुरती माणसं वर्षानुवर्षं या पायऱ्या चढत राहिलो. त्या उतरणीच्या होत्या हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

चढली नाही ती एकटी जॉयलीन फिडॉक. ही बेकरीच्या गल्ल्यावर बसते. तिचा नवरा क्लॅरी रोज संध्याकाळी गळ घेऊन धक्क्याच्या टोकाला उभा असायचा. तो गेला त्या वर्षी तिनं त्याचा एक फोटो फोरमवर टाकला. आखातावर लाल धुळीचं वादळ उठलंय, सगळं आभाळ विटेच्या रंगाचं, आणि हा गडी पाठमोरा, गळ वाकलेला, निघायचं नावच नाही. कॅमेऱ्यानं दिला तसाच मोठाच्या मोठा तिनं टाकला. चहा थंड होईपर्यंतही तो तिथं टिकला नाही. दुसऱ्या दिवशी नेव्ह नेहमीची पेस्टी, खिमा-बटाटा भरलेली मोठी करंजी, घ्यायला बेकरीत आला.

"जॉयलीन, तुझा फोटो काढून टाकावा लागला मला."

"बघितलं. क्लॅरी जड झाला होय रे तुला?"

"क्लॅरीचा प्रश्न नाही. लांब बाजूचा आहे. लहान कर, सेव्ह कर, मग टाक."

"जिता होता तेव्हा मला त्याला लहान करता आलं नाही. आता मेल्यावर करू?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"मग ही पेस्टी पण कापून देते तुझ्या मापात. उरलेली कुत्र्याला. आणि तो नियम एवढा लाडका असेल तर ढुंगणावर गोंदवून घे, म्हणजे बसताना आठवण राहील."

रांगेतली माणसं फिदीफिदी हसली. नेव्ह पेस्टी न घेताच घरी गेला आणि त्यानं जॉयलीनचं खातं बंद केलं. कारण लिहिलं, असभ्य भाषा. भाषा बेकरीत झाली होती, फोरमवर नव्हे, पण एवढ्याशा फरकानं अडेल तो नेव्ह कसला.

अशी काही वर्षं गेली. मग काउन्सिलनं समुद्राकाठी नवं शौचालय बांधलं, आणि धक्क्याकडं तोंड असलेल्या त्याच्या अख्ख्या भिंतीवर गावकऱ्यानं काढलेला एक फोटो छापून लावायचं ठरवलं. खाली कोनशिलेसारखी पितळी पाटी, तिच्यावर फोटो काढणाऱ्याचं नाव.

नेव्हला त्या पाटीनं पछाडलं. बाकी काही म्हणा, माणसाचं दुखणं खरं होतं. खोपटी गेल्यापासून त्याच्या नावाचं गावात काही उरलं नव्हतं. शेतकी प्रदर्शनात त्यानं आपला ऑस्प्रे ठेवला होता, घारीसारखा शिकारी पक्षी, समुद्रातून मासा उचलणारा, पंजातून पाणी निथळणारा. फोटो खरोखर झकास होता. पण पहिलं बक्षीस एका बाईनं काढलेल्या, बशीतल्या स्कोन पावांच्या फोटोला गेलं. ते शल्य होतंच. आता संडासाची का होईना, भिंत त्याला हवी होती. तो रोज तिकडं जाऊन गिलावा वाळताना बघत उभा राहायचा. काउन्सिलनंही त्याचाच ऑस्प्रे निवडला, आणि नेव्हनं उद्घाटनासाठी नवा शर्ट घेतला.

आठवड्याभरानं काउन्सिलच्या ट्रूडीनं त्याला कचेरीत बोलावलं. टेबलावर छपाईचा नमुना पसरला होता.

"हे काय?" नेव्हनं विचारलं.

"तुमचा ऑस्प्रे, नेव्हिल."

"हा ऑस्प्रे नाही. ही न्हाणीघराची फरशी आहे."

नुसते चौकोन होते, तपकिरी, पांढरे, निळे. पंख कुठला आणि मासा कुठला, काही पत्ता लागत नव्हता.

"तुम्ही पाठवलेली फाइल एवढीशी आहे. ती भिंतीएवढी ताणली की असंच होणार. मूळची मोठी द्या ना."

"हीच मूळची."

"कॅमेऱ्यातून आली ती हो."

"लहान करून तिच्यावरच सेव्ह केली. नेहमीसारखी."

"आणि कॅमेऱ्यातल्या कार्डावर?"

"कार्ड मी दर वेळी पुसतो," नेव्ह म्हणाला, आणि सवयीनं पुढं म्हणाला, "शिस्त म्हणून."

ट्रूडीनं नमुन्याची गुंडाळी केली. पोरगी सभ्य घरातली आहे.

नेव्हनं आधी छापखान्याला दोष दिला, मग शाईला. मग तो म्हणाला, माझा नको तर दुसऱ्या सदस्याचा घ्या, फोरमची अब्रू राहील. ट्रूडीनं सगळ्या सदस्यांना विचारलं. सगळे आपापल्या घरी कॉम्प्युटर उघडून बसले, आणि त्या संध्याकाळी पबमध्ये बिअरपेक्षा शिव्याच जास्त वाहिल्या. वादळात अर्धा धक्का वाहून गेला होता तो दिवस, जुनं स्टेशन, शेवटची मालगाडी, सगळं गाव नेव्हच्या पायऱ्यांवरून घसरून तिकिटाएवढं झालं होतं.

"माझ्या पोरीचं लग्न काडेपेटीएवढं झालंय रे, लांब बाजू!" मर्व्ह शिलिंग ओरडला. तोंडावर ते नाव पहिल्यांदाच निघालं.

"लग्नाचे फोटो फोरमच्या विषयात बसत नाहीत," नेव्ह म्हणाला. "ते तू लहान करायलाच नको होते."

"तूच लिहिलंस ना, दोन फायली म्हणजे गबाळेपणा? मी म्हटलं, शिकलेला माणूस सांगतोय, तर सगळंच नीट लावून टाकू!"

"मी फोरमपुरतं म्हटलं होतं."

"तुझ्या फोरमला घाल चुलीत आणि त्या काडेपेटीनंच पेटव."

ट्रूडी शेवटी बेकरीत गेली. जॉयलीननं एप्रनला हात पुसले, घरी जाऊन येते म्हणाली, आणि क्लॅरीला घेऊन आली. होता तसा, मोठाच्या मोठा.

नेव्हनं काउन्सिलला कळवलं की सदर सदस्येचं खातं बंद असल्यानं तिचा फोटो ग्राह्य धरता येणार नाही. ट्रूडीनं फोन केला.

"नेव्हिल, भिंत काउन्सिलची आहे. फोरमची नाही."

नेव्हचा आवाज बारीक झाला. "माझा... कुठं छोट्या जागेत बसेल का? पाटी नसली तरी चालेल. खाली नुसतं नाव."

जागा निघाली. ज्या मापाला तो फोटो नीट दिसतो, त्या मापाची एकच जागा त्या इमारतीत होती.

आता तुम्ही आमच्याकडं आलात तर समुद्राकाठी क्लॅरी फिडॉक दिसेल, दोन माणसांएवढा उंच, लाल आभाळाला पाठ न दाखवता आम्हांला पाठ दाखवून उभा. खाली पाटीवर जॉयलीनचं नाव. पुरुषांच्या बाजूला आत जा. हात वाळवायच्या यंत्राशेजारी तळहाताएवढा ऑस्प्रे आहे, भोवती बारीक काळी रेघ, बाहेर पांढरी चौकट, खाली ने. ट्रेगेन्झा. यंत्राच्या गरम वाऱ्यानं एक कोपरा सुटलाय. नेव्ह रोज सकाळी जाऊन तो अंगठ्यानं दाबून बसवतो.

फोरमवर पायऱ्या अजून तशाच आहेत. फक्त तळाला एक ओळ वाढलीय: सदस्यांनी मूळ फाइल जपून ठेवणे ही त्यांची स्वतःची जबाबदारी आहे. तारीख त्यानं फोरम सुरू झाला त्या वर्षाची घातलीय.

जॉयलीनला तो ऑस्प्रे बघता येत नाही, पुरुषांच्या बाजूला आहे ना. बेकरी उघडायला जाताना ती रोज दाराबाहेर क्षणभर थांबते आणि आत हाक मारते.

"काय नेव्ह, बसली का लांब बाजू?"

आतून हात वाळवायचं यंत्र तेवढं सुरू होतं.