जोडेवाल्या काकू आणि चार हॅशटॅग

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या काकूंना सगळी इमारत जोडेवाल्या काकू म्हणते. उमेदीची वर्षं त्यांनी बुटांच्या कारखान्यात काढली. आधी चामड्याची शिलाई, मग कापणी, शेवटी लाकडी साच्यावर बूट चढवायचं काम. कारखान्याने गाशा गुंडाळला तेव्हा त्यांनी लिलावातलं एक जुनं शिलाई मशीन उचललं, पुढच्या खोलीतला सोफा बाहेर काढला आणि त्या जागी ते मांडलं. तेव्हापासून त्यांच्याकडे गेलेला माणूस स्टुलावर बसतो आणि उठताना कपड्यांना चिकटलेली चामड्याची कात्रणं झटकतो.

त्या वेगळे बूट करायला लागल्या ते सासूबाईंमुळे. म्हातारी पडली, मांडीचं हाड जुळून आलं, पण पाय आखूड राहिला. दवाखान्यातून जो बूट मिळाला त्याच्या खाली वीट बांधावी तसा तळ होता. तो घालून चारचौघांत जायला सासूबाई तयार होईनात. काकूंनी तो बूट उसवला. लागणारी उंची थोडी आत, थोडी टाचेत, थोडी तळात अशी वाटून टाकली आणि दोन्ही बूट दिसायला जुळे केले. सासूबाई शेवटपर्यंत चालत्याफिरत्या राहिल्या, आणि सून कशी वाईट आहे हे सांगायला प्रत्येक मजल्यावर स्वतःच्या पायांनी जात राहिल्या.

मग दारावर पाटी लागली : ‘वैद्यकीय पादत्राणे’. जिन्यातून जाणाऱ्यांना वाटायचं, आत डॉक्टर बसतात. दोघंतिघं ताप दाखवायलाही येऊन गेले. बुटांसाठी येणारे मात्र क्वचितच. बाकी वेळ काकू टाचा बदलत, चेन बसवत. कधीकधी आठवडाभर मशीनवरचं कापड निघायचं नाही.

अशात काका निवृत्त झाले. काका बसचे कंडक्टर. आयुष्यभर माणसांच्या गर्दीत उभा राहिलेला माणूस घरात बसला की काय होतं, ते आम्ही दोन भिंतींपलीकडून ऐकत होतो. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापासून काकूंना टाके कसे घालावेत हे सांगण्यापर्यंत त्यांची मजल गेली. शेवटी काकूंनीच त्यांच्या हातात फोन दिला आणि सांगितलं, बोलायचंच असेल तर यात बोला.

काकांनी ते मनावर घेतलं. काकूंच्या हातांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ काढून ते टाकायला लागले. चामडं कापताना, आरीने भोकं पाडताना, साच्यावर बूट ओढून बसवताना. व्हिडिओ छान असायचे. खाली हॅशटॅगची मात्र वरात. व्हायरल, ट्रेंडिंग, फॅशन, प्रेम, डान्स, क्रिकेट, जे सुचेल ते. प्रेमाचा इथे काय संबंध, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, प्रेम सगळ्यांनाच लागतं.

आणि एक व्हिडिओ खरंच चालला. ठोकता ठोकता काकूंचा चष्मा घसरून सरसाच्या डब्यात पडला आणि त्यांनी कॅमेऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की लाखो लोकांनी ते पाहिलं. काका हुरळून गेले. इमारतीत ज्याला-त्याला थांबवून आकडा दाखवू लागले. खाली लोकांच्या मागण्या होत्या : चष्मा पुन्हा पाडा, आता हातोडी पाडा. बूट कोणीच मागितले नाहीत.

“अहो, मी जोडे करते की सर्कस?” काकूंनी विचारलं.

काका फुगून बसले. दोन दिवस घरात शांतता होती, आणि खरं सांगायचं तर ती आम्हालाही जड गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात एक मुलगी आली. हॉटेलच्या स्वागतकक्षात कामाला होती. दिवसभर उभं राहायचं, आणि डावा पाय लहानपणापासून आखूड. आखूड पायाच्या बुटात ती घडी केलेला रुमाल घालायची. कंबर दुखून दुखून नाकी नऊ आले होते. कोणाकडून तरी काकूंचं नाव ऐकून ती आली होती, आणि आल्या आल्या तिने सांगितलं, की ती रोज याच रस्त्याने बसने जाते. इतकी वर्षं ती असा बूट करणारं माणूस शोधत होती आणि ते माणूस तिच्या थांब्यापासून हाकेच्या अंतरावर होतं.

काकू माप घेत होत्या. काका खिडकीशी बसले होते. त्यांनी न राहवून विचारलं, “शोधत होतीस म्हणजे कुठे? फोनवर? काय लिहून शोधायचीस?”

मुलीने बुटातून काढलेल्या रुमालाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, “सांगायला लाज वाटते. आधी लिहायचे, लंगडणं कसं लपवावं. मग लिहायला लागले, एक पाय आखूड बूट. घरात कोणी नसताना.”

काकांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. आपण फॅशन लिहीत होतो, डान्स लिहीत होतो, दारावर तर असा शब्द लावला होता जो ताप आलेल्यांनाच कळला. आणि ही पोर रोज खालून जात होती.

काकूंनी वर न बघता एवढंच म्हटलं, “तुम्ही बसमध्ये सगळ्या थांब्यांची नावं एकदम ओरडायचात का?”

त्या संध्याकाळी दोघंही फोन घेऊन बसले. मुलीलाही त्यांनी थांबवून घेतलं. काकांचं म्हणणं, लोक लंगडा असंच लिहीत असतील तर आपणही तेच लिहावं. काकू ऐकेनात. आपल्या दारात येणाऱ्याला त्या नावाने हाक मारायची नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. तोड मुलीनेच काढली. माणसाला नाव देऊ नका, तिने सांगितलं, पायाची अडचण लिहा. मग त्यांनी एकेक शब्द टाकून पाहिला. टॅगवर बोट ठेवलं की त्या नावाचे सगळे व्हिडिओ समोर येतात. काही शब्दांखाली इतकी गर्दी होती, की तिथे काकू दिसल्याच नसत्या. काहींखाली भलतंच काहीतरी होतं. शेवटी चार उरले : एकपायआखूड, दोनमापांचेबूट, उंचीचासोल, आणि चौथं शहराचं नाव, म्हणजे कुठे यायचं ते कळावं.

पुढचा व्हिडिओ मुलीच्याच बुटांचा होता. तो जेमतेम काही शे लोकांनी पाहिला. काकांचा चेहरा पडला. पण या वेळी खाली चष्म्याचा विषय नव्हता. एका बाईने विचारलं होतं, पोलिओच्या पायाला जमेल का. एकाने लिहिलं होतं, की त्याचे दोन पाय दोन मापांचे असल्यामुळे तो नेहमी दोन जोड घेतो आणि उरलेले दोन बूट कपाटात टाकतो. खाली दुसऱ्याने त्याला लिहिलं, माझं नेमकं उलटं आहे, तुझे उरलेले मला दे. त्या दोघांचं पुढे जमलंही. काकूंचा त्यात काही फायदा नव्हता, पण ही गोष्ट त्या आम्हाला कौतुकाने सांगायच्या.

एक बाप दुसऱ्या गावाहून लेकीला घेऊन आला. मुलगी शाळेच्या वयाची, बापाच्या पाठीमागून पुढे येईना. काकूंनी तिला रंग विचारला तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, “कुठलाही चालतो?” आजवर तिला काळ्याशिवाय बूट मिळालेच नव्हते. तिने लाल मागितले. बूट घालून ती आमच्या जिन्यावरून इतक्या वेळा खाली-वर करत राहिली, की तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दार उघडून काय झालं म्हणून पाहिलं.

वर्षभरात खोली पुरेना. कारखान्यातली एक जुनी सोबतीण शिलाईला यायला लागली. दारावरची पाटी काकांनी स्वतः बदलली, आता तिथे ‘आखूड पायासाठी बूट, दोन मापांचे बूट’ असं आहे. आता ते एकेक टॅग पारखून लिहितात. लाल बुटांच्या व्हिडिओला लहानमुलांचेबूट हा शब्द जोडायचा की नाही, यावर त्यांनी माझं अख्खं दुपारचं जेवण थंड केलं.

मध्यंतरी उंचीचासोल या टॅगखाली एक अनोळखी व्हिडिओ दिसला. कुठल्याशा लांबच्या गावातल्या एका मोच्याने काकूंचं बघून बूट केला होता. आपलाच शब्द घेऊन आपलंच काम पळवतोय, असं काकांना वाटलं. तो टॅग काढायला सांगतो म्हणाले.

“त्याच्या गावातल्या माणसाने इथवर कशाला यायचं?” काकू म्हणाल्या. मग त्यांनी तो बूट नीट पाहिला. पुढची बाजू टाचेइतकीच उंच ठेवली होती. चालताना बोटं अडखळणार. काकूंनी काकांना लिहायला लावलं : काम सुबक आहे, फक्त चवड्याकडे तळ उतरता कर, म्हणजे पाऊल पुढे टाकायला सोपं जाईल.

काही दिवसांनी त्याने नवा व्हिडिओ टाकला. एक उंच म्हातारा दुरुस्त केलेले तेच बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत चालत जातो आणि वळून परत येतो. खाली मोच्याने फक्त ‘बघा बरं’ असं लिहिलं होतं. काकूंनी चष्मा पुसला, काकांना व्हिडिओमागचं गाणं बंद करायला सांगितलं आणि पुन्हा पुन्हा त्या म्हाताऱ्याची पावलं पाहिली.

“जमलं त्याला,” त्या म्हणाल्या आणि मशीनकडे वळल्या.