सोनाक्काचा ठोकलेला पलंग

मी वडगावचा परशराम सुतार. माझ्या हातनं झालेल्या चुका मोजायला बसलो तर दिवाळी उजाडायची, पण दीड हाताच्या पलंगाची चूक मी कुणी न विचारता सांगतो. त्या चुकीपायी माझ्या बायकोनं, गुणाबाईनं, मला दोन दिवस बिनमिठाची आमटी घातली आणि वर म्हणाली, "खावा गप." मी गप खाल्ली. चूकच तशी होती.

सोनाबाई म्हंजे शेजारच्या शहापुरातल्या विणकराच्या घरातली धाकटी सून. सगळे तिला सोनाक्का म्हणायचे, मी बी म्हणायचो. उंचीनं एवढीशी, पण बाजारात तिच्या तोंडापुढं कुणाचं काय चालायचं न्हाय. घरात पाच माग. थोरला दीर आण्णाप्पा घरचा कर्ता. घरात लुगडी विणायची, आणि सोनाक्का आणि तिचा नवरा यमनाप्पा, ह्या दोघांनी ती बैलगाडीत घालून गावोगाव विकायची. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर, सौंदत्तीची यल्लम्माची जत्रा. वर्षातले सात-आठ महिने ती दोघं वाटेवरच. यमनाप्पा लुगडं उलगडून धरायचा आणि ही ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची. एकदा माझ्यादेखत एका बाईला म्हणाली, "हे नेसून माहेरी जा बाई, तुझी भावजय तीन दिवस जेवायची न्हाय." त्या बाईनं दोन घेतली.

आता मूळ मुद्दा तुम्हाला आधीच सांगून टाकतो. सोनाक्काच्या लग्नाला बावीस वर्षं झालती. दोन्ही पोरी उजवून झालत्या. पण नवऱ्याच्या शेजारी आख्खी रात्र निजणं म्हंजे काय, ते त्या बाईला ठाऊक नव्हतं. घरात सगळी जागा मागांनी खाल्लेली. बायका माजघरात, गडीमाणसं पुढं मागाच्या खड्ड्याच्या कडंला, जिथं मिळंल तिथं आडवी. बाजाराला गेलं तर गाडीत लुगडी, गाडीखाली बैलांजवळ यमनाप्पा, आणि ही देवळाच्या ओवरीत बाकीच्या व्यापाऱ्यांच्या बायकांत. पोरी झाल्या म्हंजे कधीमधी आडोसा मिळाला असंल, ते सोडा. पण रात्री शेजारी निजून सकाळी शेजारीच उठायचं, हे न्हाय म्हंजे न्हाय. आमच्याकडं सगळ्यांचं तसंच, त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. हिला वाटायचं. पण बाईमाणसानं असलं बोलायचं कुणापुढं?

मला तवा ह्यातलं काय बी ठाऊक नव्हतं, म्हणून तर सगळा घोळ झाला.

स्वातंत्र्य यायच्या बारा-तेरा वर्षं आधीची गोष्ट. त्यांची जुनी गाडी निपाणीच्या वाटेवर कण्यातनं मोडली आणि नवी घ्यायची वेळ आली. माझ्या अंगणात तवा विकायच्या तीन गाड्या होत्या. एक इनामदाराच्या घरातली दमणी, गाद्यागिरद्यांची, बसायला झकास. दुसरी साधी, वर तट्ट्याचं छप्पर, आणि आत मी लावलेली एक फळी. दिवसा ती उचलून कडीला अडकवायची, रात्री खाली पाडायची. तिसरी कॅम्पातल्या लिलावातनं आलेली. आजारी सोल्जरांना दवाखान्यात न्यायची लष्करी गाडी, लांबलचक, खाली धक्के सोसणाऱ्या लोखंडी कमानी. खेचरं जुंपायची तिला, मी बैलांचं जू बसवलं होतं. दिसायला मात्र पेटीवाणी, म्हणून वरीसभर कुणी घेतली नव्हती.

आण्णाप्पा, यमनाप्पा आणि सोनाक्का, तिघं बघायला आली. आण्णाप्पानं फळीवाल्या गाडीवर हात ठेवला. "ही बेस हाय. दिवसा माल, रात्री फळी. जागा वाया जात न्हाय."

 सोनाक्का सरळ दमणीत चढली आणि आडवी झाली. भर दुपारी, माझे दोन करवते गडी लाकूड कापत असताना! तिचे बी पाय बाहेर राहिले. उतरली. फळीवर निजली, कूस बदलली, उतरली. मग त्या लष्करी गाडीत शिरली आणि आतच राहिली. एवढा वेळ राहिली, की मला वाटलं बाईला डुलका लागला.

"अगं, बाहेर ये," यमनाप्पा हळूच म्हणाला.

ती बाहेर आली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "दादा, त्यास्नी सांगा, हीच गाडी पाहिजे. आणि आत पलंग पाहिजे, तो बी ठोकलेला. रोज पाडा, रोज उचला, हे मला जमायचं न्हाय. माझी कंबर धरलीया."

थोरल्या दिराशी ती तोंडाला तोंड देऊन बोलायची न्हाय. तो दोन हातांवर उभा, आणि मी मधे पोस्टमन! मी म्हटलं, "अण्णा, कंबर धरलीया म्हणतात."

"ऐकलं मी," आण्णाप्पा म्हणाला. "ठोकलेला पलंग जागा खातोय. माल कुठं ठेवायचा, डोक्यावर?"

"त्यास्नी सांगा, कंबर मोडून घरात बसले, तर माल घरातच राहील."

हे मात्र आण्णाप्पाला पटलं. सोनाक्काबिगर यमनाप्पा एक लुगडं विकू शकत न्हाय, हे सगळ्या शहापुराला ठाऊक. तो मिशीत पुटपुटला, "बरं. कंबरेसाठी असंल तर कर बाबा. पण बारीक कर."

निघताना सोनाक्का मागं राहिली. माझ्याजवळ येऊन खाल मानेनं म्हणाली, "दादा, माझ्या मापाचा नको. जरा ऐसपैस करा."

आता तुम्हीच सांगा, ह्यातनं मी काय समजायचं? मनात म्हटलं, एवढीशी बाई आणि हिला जहागीरदारणीचा पलंग पाहिजे! मी आपलं माप धरलं दीड हात रुंद. एका माणसाला रग्गड. पण काम असं केलं की बघत राहावं. कणकुंबीकडचं सागवान, कडा गोल, वर तेलाचा हात.

पलंग बघायला ती एकटीच आली. आत चढली, वितीनं रुंदी मोजली, परत मोजली. मग काठावर बसून राहिली. मी वाट बघत होतो, आता शाबासकी मिळणार.

"छान झालाय, दादा," ती म्हणाली आणि उठून गेली.

जी बाई पैशाच्या विड्याच्या पानावरनं अर्धा तास भांडती, ती एवढंच म्हणून गेली, तवाच मला कळायला पाहिजे होतं. पण मी घरी जाऊन गुणाबाईपुढं छाती फुगवून सगळं सांगितलं.

"दीड हात?" गुणाबाईचा वाढता हात थांबला. "आणि यमनाप्पा कुठं निजणार?"

"कुठं म्हंजे? गाडीखाली. बैलं कोण राखणार?"

"अवो, तिनं ऐसपैस कर म्हणून सांगितलं ना तुमास्नी?"

"सांगितलं की. पण कंबरेला एवढी जागा कशाला लागती?"

"काल दोन घागरी डोक्यावर आणि एक कडंवर घेऊन विहिरीची पायरी चढली ती. कंबर म्हणं! तुमच्या डोस्क्यात मेंदू हाय का नुसता भुसा?" आणि मग तिनं मला सगळं सांगितलं, जे मी तुम्हाला वर सांगितलं ते. बायकांत ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी म्हणाली, "बावीस वर्षांनी त्या बाईनं एक गोष्ट मागितली, आणि ती बी कंबरेच्या नावानं. तुम्ही तिला पाट करून दिलाय, पाट!"

त्या दिवसापासनं ती आमटी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मीठ पडलं, कारण तोवर मी तो पलंग उपटून टाकला होता. ह्या चाकापासनं त्या चाकापर्यंत, आख्खा तीन हात रुंद नवीन केला. खाली लुगड्यांची पेटी, तिला मागनं उघडायचं दार. पाऊस आला तरी माल कोरडा. लुगडी सगळी बसतात का ते मी स्वतः भरून बघितलं, म्हंजे आण्णाप्पाला बोलायला जागा नको.

पण आण्णाप्पाला बोलायला जागा कधी लागलीया? गाडी न्यायला तिघं आली. यमनाप्पा बैलं जुंपायला लागला, सोनाक्का चाकाशी उभी. आण्णाप्पानं आत डोकं घातलं आणि ओरडला, "परशराम, हा पलंग हाय का खळं?"

"माल खाली बसतोय अण्णा, बघा की, सगळा..."

"ते बघितलं. पण एवढा रुंद कशाला? केवढी कंबर हाय तिची?"

करवत थांबली. दोन्ही करवते बघायला लागले. मी म्हटलं, "फळ्या... फळ्या तेवढ्याच रुंदीच्या आलत्या."

"मग काप! करवत कशाला हाय तुझ्याकडं? एका माणसापुरता दीड हाताचा बसव. उरल्या जागंत आणखी दोन गठ्ठे बसतील."

सोनाक्कानं तोंड फिरवलं. मला तिची नुसती पाठ दिसत होती, पण खांदा हलत होता. बाजारात दहा बायकांना पुरून उरणारी बाई चाकाला धरून रडत होती. मला माझीच लाज वाटली. पण आण्णाप्पापुढं खरं काय ते मी तरी कुठल्या तोंडानं सांगणार?

"अण्णा, पलंग राहू दे," यमनाप्पा बैलाच्या मानंवर हात ठेवून म्हणाला.

"का?"

"मला बी निजायचं हाय."

"तू गाडीखाली निजतोस की!"

"बावीस वर्षं निजलो. आता हिच्याजवळ निजणार."

 सोनाक्का "अगं बाई!" म्हणून मटकन खाली बसली आणि तिनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढला. करवते असे हसले की एकजण लाकडावरनं खाली पडला. दारात उभी गुणाबाई बी हसत होती, आणि डोळं पुसत होती. यमनाप्पाची कानशिलं लालबुंद झालती, पण गडी मागं हटला न्हाय.

आण्णाप्पानं पटका काढला, डोकं खाजवलं, पटका परत बांधला. मोठ्या भावाला शोभंल असं काहीतरी बोलायचं होतं बिचाऱ्याला. शेवटी म्हणाला, "मग बैलं कोण राखणार?"

"कुत्रं पाळतो."

"आणि लुगडी भिजली तर?"

"न्हाय भिजत," मी म्हटलं. "भिजली तर माझ्याकडं या."

"तुम्ही सगळे एकच हाय रं," असं म्हणून आण्णाप्पा तरातरा चालत निघून गेला. गाडी कापायची गोष्ट परत निघाली न्हाय.

त्या गाडीनं ती दोघं पुढं लई वर्षं फिरली. लोकांनी चिडवायचं तेवढं चिडवलं. निपाणीच्या बाजारात तिला "जोडप्याची गाडी" म्हणायचे, आणि सोनाक्का उलटून म्हणायची, "मग? तुमची रिकामी हाय व्हय?" त्यांचं बघून आणखी दोघांनी माझ्याकडनं तसले पलंग करून घेतले, आण्णाप्पाच्या नकळत.

पहिली खेप सौंदत्तीच्या जत्रेची. परत आल्यावर सोनाक्का गुणाबाईसाठी भंडारा आणि खोबरं घेऊन आमच्या घरी आली. दोघी चुलीपाशी बसल्या. मी पलीकडं रंधा घेऊन बसलो होतो, पण रंधा बंद ठेवून ऐकत होतो, खोटं कशाला बोलू. किती खपलं, कोण भेटलं, कुत्र्यानं कुणाची चप्पल पळवली, सगळं सांगून झालं. मग ती जरा जवळ सरकली.

"गुणाबाई, पहिल्या दिवशी मी घाबरलेच. मधेच जाग आली आणि वाटलं, ह्यांना काय झालं? उठून बघितलं तर काय न्हाय. मग मला परत झोपच लागंना, बघत बसले."

"काय झालतं?"

"बावीस वर्षं झाली गं लग्नाला," सोनाक्का म्हणाली, "आणि हे झोपंत हसतात, ते मला आत्ता कळलं."