एका चुलीवरचा कोडिंग क्लास

माझ्या सुनेच्या कोडिंग क्लासची पहिल्याच दिवशी जी फजिती झाली, तिच्यात इंटरनेटचा काहीही दोष नव्हता. आजवर आमच्या अख्ख्या गल्लीनं त्या बिचाऱ्याला शिव्या घातल्या, आणि सर्वांत मोठ्या आवाजात मी!

प्रणिता, म्हणजे माझी सून, पांढुर्ण्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मुलांना प्रोग्रामिंग शिकवणार होती. पहिल्या दिवशी पालक बघायला येणार. त्यांना पटलं तर क्लास, नाहीतर नागपूरची नोकरी. मुलांनी कोड कशात लिहायचा यावर तिनं बरंच डोकं खपवलं आणि ब्राउझरमध्येच चालणारी एक सोपी सोय निवडली. मला म्हणाली, "मामाजी, प्रत्येक कॉम्प्युटरवर त्या-त्या पोराचं अकाउंट उघडून ठेवा."

"वेगवेगळं काहून? आम्ही तिघं भाऊ अजून एका चुलीवर जेवून राहिलो!"

"हा स्वयंपाक नाही, मामाजी!"

ती समोसे आणायला गेली आणि मी सगळीकडे एकच अकाउंट, एकच पान उघडलं. (संस्कार लहानपणीच होतात!)

पालक बसले. प्रणिता म्हणाली, "आता आपापलं नाव लिहा." मुलांनी लिहिलं. सगळ्यांनी एकाच पानावर!

"काहून बे, माहं नाव पुसून राहिला?"

"मी कुठी? तूच माह्या नावात घुसला!"

"मॅडम, मी हात बी नाही लावला, तरी कोणीतरी लिहून राहिलं!"

हे ऐकून एका आजीबाईंनी कॉम्प्युटरला हात जोडले. तेवढ्यात कोणीतरी प्रोग्राम चालवला आणि प्रत्येक पडद्यावर झळकलं: 'आर्यश्रुहर्षतीश'!

"हा कोणाचा पोरगा?" एका बापानं विचारलं.

प्रणितानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. "नेट खराब आहे," मी जाहीर केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे या कारणावर कोणी शंका घेत नाही.

वाटलं, गेली सून नागपूरला! पण पोरं उठेचनात. एकमेकांची नावं पुसण्यात ती अशी रंगली, की आया ओढून ओढून थकल्या. "उद्या किती वाजता, मॅडम?" दुसऱ्या दिवशी सगळी वेळेआधी हजर!

प्रणिताला मात्र सारं तेव्हाच कळलं होतं. "मामाजी, तुम्ही बी शिका न," ती गोड आवाजात म्हणाली आणि मला कोपऱ्यातला कॉम्प्युटर दिला. आठवडाभर मी मन लावून टाइप केलं. पडद्यावर एकही चूक उमटली नाही, म्हणून भावांपुढे छाती फुगवून फिरलो. कीबोर्डची वायर जोडलेलीच नाही, हे मला धाकट्या भावानं दाखवलं!