फुईबाला पीठ दिसेनासं झालं तेव्हा

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर म्हणजे ओल्या अंगणातून कोंबड्या चालून गेल्यासारखं. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून फुईबाबद्दल जे बोलायचं राहून गेलं ते इथं लिहून ठेवते.

तर आमच्या फुईबाइतकी चिकट बाई तापीच्या अलीकडे झाली नाही आणि पलीकडेही झाली नसेल. फुईबा म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन भावाच्या घरी आली आणि धान्याच्या खोलीची किल्ली तिनं कमरेला लावली, ती झोपतानासुद्धा काढत नसे. पिठाच्या डब्यात पीठ सपाट करून त्यावर ती आपला पंजा उमटवून ठेवायची, म्हणजे कुणी हात घातला की कळावं. माझा हात एवढासा, तिचा सुपाएवढा, त्यामुळे चोरी पचण्याची सोयच नव्हती. पाहुण्यांना तूप वाढताना "तूप देऊ का?" असं ती अगदी प्रेमानं विचारायची, पण पाहुणा "हो" म्हणेपर्यंत तुपाची वाटी घेऊन स्वयंपाकघरात पोहोचलेली असायची. गावात इंजिनवर चालणारी पिठाची चक्की आली तेव्हा सगळ्या बायकांनी जाती कोपऱ्यात सरकवली. फुईबा काही हलली नाही. म्हणायची, "चक्की पीठ खास आनि वरथीन पैसा बी लेस." म्हणजे पीठही खाते आणि वर पैसेही घेते. लग्न होऊन आले ती मी तिच्यासमोर जात्यावर बसले. एका खुंट्याला दोघींचे हात. दळण झालं की शिंदीच्या पानांचा कुंचा घेऊन ती जात्याभोवती असं झाडायची, की मागून आलेली मुंगी हात हलवत परत जायची.

मग ती वाईट वर्षं आली. पाऊस नावाला पडला, कापूस गुडघ्याएवढा होऊन करपला, आणि कापूसच नाही म्हटल्यावर शहाद्याकडचा सरकी काढायचा जिन बंद झाला. रेशनच्या दुकानात लाल मिलो, म्हणजे परदेशी जवारी, मिळू लागली. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर तुटायची आणि पोटात दगडासारखी बसायची. तोरणमाळकडचे लोक बाजारात डिंक, चारोळी घेऊन यायचे आणि तशीच पाठीवर टाकून परत चढून जायचे. पण मला आठवतं ते वेगळंच. आमच्याकडे बाई बाईला रस्त्यात भेटली की "भाकर खादी का?" असं विचारतेच. त्या दिवसांत हे विचारणंच बंद झालं. कुणी खरं सांगितलं तर काय करायचं? त्याऐवजी सगळ्या विचारायच्या, "पाणी भरं का?" जेवायच्या वेळी दारं लोटलेली. विस्तव मागायला यायच्या त्या बायकाही येईनात, आणि सकाळी कुणाच्या छपरातून धूर निघतो याकडे सगळ्यांचा डोळा.

आमच्या घराला लागून जिनमधल्या फिटरचं घर होतं. जिन बंद झाला तसा तो कामाच्या शोधात सुरतेकडे गेला, तो काही पाठवीना. मागे बायको आणि दोन लहान पोरी. सगळे तिला फिटरीण म्हणायचे. बाई मोठी मानी. माझ्या सासूबाईंनी एकदा शेरभर जवारी पाठवली, तर दारातूनच म्हणाली, "आमना घरमा सगळं शे." पोरी मागे उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहिलं की घरात काय आहे ते कळत होतं. असंच चाललं तर दाराला कुलूप लावून, पोरी घेऊन भावाच्या उंबऱ्यावर जावं लागेल, हे तिलाही ठाऊक होतं. भावजय कशी आहे ते आम्हां सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि भावाच्या घरचा उंबरा कसा असतो ते फुईबाइतकं कुणाला ठाऊक असणार?

एका दुपारी फुईबानं जवारीची पाटी माझ्या डोक्यावर दिली आणि फिटरणीच्या दारात जाऊन उभी राहिली. "व फिटरीण, मन्हा जाताले दात नही ऱ्हायनात. टाकी लावणारा कधळ ई, काय माहीत. तुन्हं जातं दे व माय."

मी पाहतच राहिले. आमच्या जात्याला दिवाळीआधीच टाकी लावून नवे दात पाडून घेतले होते, आणि टाकी लावणाऱ्याशी फुईबानं अर्धा दिवस भांडून पैसे कमी केले होते.

फिटरीण म्हणाली, "लई जा ना फुईबा, त्याले काय काम शे आते?"

"मी म्हतारी जातं उचलू का? आठेच दळसूत आम्ही."

आम्ही तिथंच दळलं. दळण झाल्यावर मी कुंचा घेऊन, शिकवलं होतं तसं, जातं लख्ख झाडलं. घरी आल्यावर फुईबा कडाडली, "कोनी सांगं व तुले इतलं झाडाले?"

"तुम्हीच शिकवलं ना, फुईबा."

"मन्हा डोयाले आते पीठ दिखत नही. तुन्हा डोयाले बी दिखत नही. समजनं का, वहू?"

दुसऱ्या दिवशी आम्हां दोघींना पीठ दिसेनासं झालं. फिटरीण ताटलीत पीठ भरून मागोमाग आली. "फुईबा, तुमनं पीठ ऱ्हायनं."

"जाताम्हा ऱ्हायनं ते जाताना धनीनं. मन्ही सासूनी शिकाडेल शे."

जात्यात राहिलेलं जात्याच्या मालकाचं, हे म्हणे सासूनं शिकवलं; ती सासू तिनं नीट पाहिलीही नव्हती. जातं रिकामं ठेवू नये म्हणून चिमूटभर पीठ मागे ठेवायची रीत आमच्याकडे होतीच. फुईबानं त्या चिमटीचा पसा केला, आणि पोरी घरात असल्या की पशाची ओंजळ व्हायची. फिटरणीनं एकदा फुईबाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी मान खाली घातली, ती मला जन्माची सवयच होती. फिटरीण ताटली घेऊन परत गेली. संध्याकाळी तिच्या छपरातून धूर निघाला.

फुईबाचे डोळे गेले ही बातमी गावभर झाली. दिवसाढवळ्या चिंचेवरची वटवाघळं मोजणारी ही बाई! सासरे घाबरले. शहाद्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला त्यांनी गाडीसुद्धा जुंपली.

"दवाखानाना पैसा कसाले?" फुईबा ओट्यावरून उठलीच नाही. "पाऊस पडना म्हंजे आपोआप दिखी."

सासऱ्यांना वाटलं, म्हातारीला चळ लागला. आमची कणगीही काही द्रौपदीची थाळी नव्हती. खाली खाली जात होती. त्याच सुमाराला फुईबाचे उपास वाढले. सोमवार होता, त्यात गुरुवार आला, मग शनिवार आला, मग अशा देवांचे वार आले ज्यांची नावं मी माहेरी कधी ऐकली नव्हती. जितकं पीठ शेजारी राहायचं तितकी भाकरी हिच्या ताटातून कमी व्हायची. हिशोब तिनं सोडला नव्हता, फक्त कापायची जागा बदलली होती. सुकाळात आम्हां सगळ्यांना छळून तिनं जे साठवलं होतं, तेच तिनं असं सांडलं.

पुढे पाऊस झाला. कापूस फुटला. जिनचा भोंगा वाजला तेव्हा बायका चुली सोडून अंगणात आल्या. फिटर सुरतेहून परतला, आणि त्याच आठवड्यात फुईबाचे डोळे बरे झाले. पिठाच्या डब्यात मी वाटी अंमळ तिरपी ठेवली म्हणून तिनं मला ओसरीवरून हटकलं. रस्त्यात बायका पुन्हा विचारू लागल्या, "भाकर खादी का?"

नवी जवारी घरात आली आणि एका दुपारी फिटरीण डोक्यावर पाटी घेऊन आमच्या दारात. "फुईबा, मन्हा जाताले दात नही ऱ्हायनात. तुमनं जातं द्या."

"गावमा चक्की चालू शे ना?"

"चक्की पीठ खास, फुईबा. वरथीन पैसा बी लेस."

फुईबानं तोंडाला पदर लावला. हसू लपवत होती की आणखी काही, मला दिसलं नाही. फिटरीण दळून गेली. जात्याभोवती पीठ तसंच पडलेलं. फुईबानं हाक मारली नाही. बसली आणि कुंच्यानं कण न् कण गोळा केला. फिटरीण थंडीभर येत राहिली. कधी पोरींना घेऊन यायची, मग दुपारभर बोलणं चालायचं. फुईबा तिच्यासाठी गुळाचा खडा काढून ठेवायची. मोठा नाही, पण काढायची.

होळीच्या आधी एकदा दळण संपलं आणि फिटरणीनं कुंचा हातात घेतला. खालची तळी, वरची तळी, खुंट्याचं भोक, सगळं झाडलं. शेवटचा कण पाटीत टाकून ती उभी राहिली. फुईबानं दगडावरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. बोट कोरडं होतं.

"फिटनं," फुईबा म्हणाली. "आते काय निमित काढीसन येशी व माय?"