मेहेंदळे साहेबांची चकाकी

काही माणसांचे किस्से जमवावे लागत नाहीत. आपण नुसतं शेजारी उभं राहायचं, ते आपोआप पदरात पडतात. आमचे मेहेंदळे साहेब त्यातले. इथे आखातात सुट्टी शुक्रवारी; त्या दिवशी रिग्गईत आम्ही चार मराठी घरं जमलो, की चहा यायच्या आधी कोणीतरी विचारतंच, "काय रे, मेहेंदळ्यांचं नवीन काय?"

आधी आमचं काम सांगतो. अहमदीच्या पुढे वाळवंटात एक शूटिंग क्लब आहे. तिथे झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी आमच्या वर्कशॉपला येतात. आम्ही त्यांना केसेस म्हणतो. त्या धुवायच्या, तपासायच्या, मापात आणायच्या, मग त्या पुन्हा भरल्या जातात. एखादीत बारीकशी चीर राहून गेली, तर ती नेमबाजाच्या गालाजवळ फुटते. म्हणून प्रत्येक डबा पास करणारा माणूस ठरलेला असतो. आमच्याकडे तो म्हणजे सावंत.

सावंत कुडाळचा. त्याची बायको आणि मुलगी नुकत्याच इथे आल्या होत्या. कोणाचा डोळा गेला, तर पहिला आपला इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाणार आणि पोरीची शाळा सुटणार, हे त्याला पक्कं ठाऊक.

मेहेंदळे मॅनेजर. त्यांना एकच ठाऊक. "अरे, व्हिजिटर काय बघतो? शाईन बघतो!"

*

केसेस धुवायला आमच्याकडे चांगलं लिक्विड असतं. मेहेंदळ्यांनी त्याचा कॅन उचलून बाजूला ठेवला. "केमिकल कशाला? आमच्या घरी देवाची भांडी चिंचेने लखलखतात!"

झालं! बादलीभर चिंचेचा कोळ आला. केसेस बाहेरून खरंच लखलखल्या. आत मात्र कोळ वाळून बसला, काहींत चिंचोक्याची सालं. आम्ही काड्या घेऊन एकेक केस कोरत बसलो. सावंत हातातली केस दाखवत म्हणाला, "तो हेका समई समजता काय रे?"

मेहेंदळ्यांनी दारातून डोकावून विचारलं, "वास किती छान येतोय, नाही?"

*

ओल्या केसेस वाळवायला वेळ लागतो. मेहेंदळ्यांना वेळ नसतो. एक दिवस त्यांनी वाडगाभर केसेस नेऊन पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्या आणि बटण दाबलं.

आत दिवाळी! धूर, कडकडाट, काच तडकली. साहेब भुवया चाचपत बाहेर आले. आम्हाला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल.

"लो क्वालिटी मायक्रोवेव्ह," ते म्हणाले, आणि परचेसवाल्याला झापायला गेले!

*

पितळ वापरून वापरून कडक होतं, मग चिरतं. म्हणून केसचं तोंड तापवून नरम करतात. तापवलं की तिथे निळसर पट्टा उमटतो. तो दिसला की समजायचं, काम झालं.

मेहेंदळ्यांनी पट्टा पाहिला. "शी! हे डाग कसले? घासून काढा!"

सावंतने समजावलं, मी समजावलं. छे! सगळ्या केसेस पुन्हा पॉलिशच्या ड्रममध्ये गेल्या. पट्टे गेले आणि तापवलेल्या, न तापवलेल्या सगळ्या एकसारख्या दिसायला लागल्या. मग काय, सगळा ढीग वेगळा काढून नवीन लॉटपासून सुरुवात. नवा लॉट तापवून झाला तेवढ्यात साहेब राउंडला आले.

"परत डाग?"

त्या दिवसापासून सावंत पट्टेवाल्या केसेसचा एक डबा टेबलाखाली लपवून ठेवायला लागला.

*

चिरलेली केस आम्ही नुसती टाकत नाही. तिचं तोंड पकडीने दाबून चपटं करतो, म्हणजे ती चुकूनही चांगल्यांत मिसळत नाही. ही आमच्या कामातली साधी शिस्त. मेहेंदळ्यांना तीही खुपली.

"दाबता कशाला? केवढी चमकतेय!"

सावंतने केस उजेडात धरून चीर दाखवली. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "अहो, ही चीर नाही, रेघ आहे. रेघ आणि चीर यात फरक असतो, सावंत!"

मग त्यांनी रिजेक्टमधल्या चकचकीत केसेस स्वतः वेचल्या, भरून घेतल्या आणि त्या डब्यावर चिकटवलं 'व्हीआयपी'. थंडीचा सीझन सुरू होणार होता. पहिली गोळी क्लबचे अध्यक्ष बू फहद झाडणार, तीही याच डब्यातली!

"मी पास करणार नाही," सावंत म्हणाला.

"नको करूस. मी करतो. आणि तुझ्या जागी दुसरा माणूसही बघतो."

इतके दिवस मी या माणसाला हसत होतो. त्या क्षणी मात्र मनापासून चीड आली. बू फहदसारख्या म्हाताऱ्याचा डोळा आणि सावंतचा संसार, दोन्ही याच्या चकाकीपायी पणाला!

*

उद्घाटनाच्या दिवशी रेंजवर मंडप, कॉफी, शावर्मा, सगळा थाट. सावंतने टेबलाखालचा, स्वतः पास केलेला आपला डबाही भरून आणला होता. बू फहद टेबलाशी आले. मेहेंदळ्यांनी डबा उघडला. उन्हात काडतुसं अशी झळकली, की पाहुण्यांनी मोबाईल काढले.

बू फहद डब्यात हात घालणार, तोच सावंत पुढे झाला. तो म्हणाला, "सर, धिस बॉक्स आय नॉट पास."

"आय पास, सर!" मेहेंदळे मध्येच ओरडले. "पर्सनली! एव्हरी पीस!"

बू फहदनी दोघांकडे पाहिलं. मग रायफल उचलून मेहेंदळ्यांपुढे धरली. "खलास. यू पास, यू शूट फर्स्ट. यल्ला, गो!"

मेहेंदळ्यांनी रायफलीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. एक पाऊल मागे सरकले.

"सॉरी सर," ते म्हणाले. "टुडे आय ॲम फास्टिंग. इन अवर रिलिजन, फास्टिंग टाइम, नो गन."

त्यांच्या डाव्या हातात अर्धा चिकन शावर्मा होता.

बू फहदनी त्या शावर्म्याकडे पाहिलं. मग त्यांनी व्हीआयपी डब्याचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं.

"सावंत, यू फास्टिंग?"

"नो सर."

"गुड. ब्रिंग युवर बॉक्स."