न आलेली मोटर

माझी मावशी कवळ्या करते. गेली एकतीस वर्षं. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेतात आणि ते माप मावशीकडे येतं. मेणात एकेक दात बसवणं, साचा करणं, हिरड्यांचा रंग जुळवणं, घासून गुळगुळीत करणं हे सगळं तिचं. लोक मात्र म्हणतात, "डॉक्टरांनी काय झकास दात बसवले!" त्याचं तिला काही वाटत नाही. तिला राग येतो तो भलत्याच गोष्टींचा. कुणी घाईत माप घेतलं, कुणी तिला न विचारता रुग्णाला तारीख देऊन टाकली, की मावशी फोन उचलते आणि समोरचा कितीही मोठा डॉक्टर असो, त्याची हजेरी घेते. डॉक्टर मंडळी तिला पाठीमागे 'मिरची' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि माझ्या मते आवडतंही.

झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली हे तिचं कामाचं ठिकाण. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा, भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली. खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर पांढरी भुकटी असते, रेडिओवरसुद्धा. आणि टेबलाच्या उजव्या हाताला तिची मोटर. पेनासारखी हातात धरायची, टोकाला बारीक दगड लावायचा आणि कवळी घासायची. त्या मोटरशिवाय मावशीचं काम म्हणजे सुईशिवाय शिवणकाम.

एका मंगळवारी ती मोटर किंचाळली आणि बंद पडली.

दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिली आणि मान हलवली. कंपनीच्या माणसाने सांगितलं, नवीन मिळेल, पण सहा आठवडे लागतील. सहा आठवडे! टेबलावर चार कामं अर्धवट होती. त्यातली एक कवळी एका वयस्कर निवेदकांची होती. उभं आयुष्य रेडिओवर बोलण्यात गेलेला माणूस, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचं बऱ्याच वर्षांनी ध्वनिमुद्रण होतं. दातांशिवाय त्यांचा 'स' 'श' होत होता.

दुपारी मावशी फोनवर मोटरच्या किमती बघत बसली. आणि अगदी तीच मोटर तिच्यासमोर आली. त्याच कंपनीचं चिन्ह, तोच निळा रंग, निम्म्याहून कमी किंमत, तीन दिवसांत घरपोच. खाली लाल अक्षरांत, 'शेवटचे दोन नग'. बाजूला घड्याळ उलटं पळत होतं.

तिने कार्ड काढलं. हे कार्ड घ्यायला मीच तिला वर्षभरापूर्वी लावलं होतं. "अगं मावशी, रोख घेऊन कुठे फिरतेस, सोय होईल," असं मीच म्हणाले होते. तिने नंबर टाकला, मुदत टाकली, मागचे तीन आकडे टाकले. फोनवर ओटीपी आला. तिने सहा आकडे बघितले आणि टाकले. मेसेजमध्ये आकड्यांच्या आधी रक्कम लिहिलेली असते. ती जाहिरातीतल्या किमतीच्या तिप्पट होती. ती तिने वाचलीच नाही. एका हाताला मेण लागलेलं, दुसऱ्या हातात फोन, डोळे त्या पळत्या घड्याळावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिना चढत असताना फोन तीनदा वाजला. तीन मेसेज. कुठल्यातरी परदेशी दुकानातून तिच्या कार्डावर तीन खरेद्या झाल्या होत्या, आणि या वेळी ओटीपी वगैरे काही आलंच नव्हतं.

मला फोन आला तेव्हा तिचा आवाज मी ओळखलाच नाही. "ये," एवढंच म्हणाली.

मी पोचले तेव्हा ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती. इंटरनेटवर बँकेचा नंबर शोधून तिने लावला होता. पलीकडचा माणूस मधाळ होता. "काळजी करू नका मॅडम, पैसे लगेच परत येतील. मी एक लिंक पाठवतो, तेवढं ॲप घ्या, म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी 'नको नको' करत होते. पण तिला माझी गरज नव्हती.

"माझी स्क्रीन तुला कशाला दिसायला हवी रे?" ती म्हणाली. "माझं खातं तुझ्याच बँकेत आहे ना? मग तिथे बघ की!"

"मॅडम, प्रोसेस आहे..."

"तुझ्या प्रोसेसला आग लाव!" तिने फोन असा आपटला की फळीवरचा एक जबडा खाली पडून फुटला.

मी कार्ड उलटं केलं आणि मागे छापलेला नंबर तिला दाखवला. तिथे फोन करून पाच मिनिटांत कार्ड बंद झालं. तक्रारीचा क्रमांक मी फुटलेल्या जबड्याच्या चिठ्ठीवर लिहून घेतला. मग मी तिला विचारलं, "साइटचा पत्ता नीट बघितला होतास का?"

तिने फोन माझ्या हातात दिला. कंपनीचं नाव बरोबर होतं, फक्त शेवटी एक जास्तीचं अक्षर होतं. खाली दुकानाचा पत्ता नाही, फोन नंबर नाही, 'परत पाठवायचं असल्यास' यावर टिचकी मारली की पुन्हा पहिलंच पान. सगळं डोळ्यांसमोर होतं. मी तोंड उघडलं आणि मावशी म्हणाली, "एक शब्द बोलू नकोस. मीच माझ्यावर एवढी चिडले आहे की तुझ्या रागाला आता जागा नाही."

त्याच दिवशी आम्ही बँकेत गेलो. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या अधिकाऱ्याने मॉनिटरवरून नजर न उचलता सांगितलं, "ओटीपी तुम्हीच दिलाय. बँक काही करू शकत नाही."

"किती वेळा दिला?"

"म्हणजे?"

"व्यवहार चार आहेत. मी ओटीपी किती वेळा दिला? बघा. मला घाई नाही."

त्याने बघितलं. मग खुर्चीत सरकून बसला. "एकदा."

"मग उरलेल्या तीन वेळा तुमच्या बँकेने कुणाला विचारून पैसे सोडले? मला विचारलं? हिला विचारलं? की रस्त्यावर उभं राहून पुकारा केला होता?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मावशी वळली नाही.

"हे बघा आजी..." तो म्हणाला.

मी डोळे मिटले. मावशी अठ्ठावन्न वर्षांची आहे.

"आजी तुझ्या घरी असेल," मावशी शांतपणे म्हणाली. तिचा हा शांतपणा ओरडण्यापेक्षा वाईट असतो. "इथे मी खातेदार आहे. तुमच्याच वेबसाइटवर लिहिलंय, तीन दिवसांच्या आत कळवलं आणि चूक खातेदाराची नसेल, तर भुर्दंड खातेदारावर नाही. मी तीन तासांत कळवलंय. फॉर्म द्या."

वेबसाइटचं ते पान आम्ही रिक्षात बसून वाचलं होतं, पण ती अशी बोलली की जणू तिनेच तो नियम केला होता. फॉर्म मिळाला. तिने भरला, सोबत मेसेजच्या आणि त्या बोगस साइटच्या छापील प्रती जोडल्या आणि पोच मागितली. "पोच मेलवर येईल," तो म्हणाला. "मेल येईल तेव्हा येईल, शिक्का आत्ता मारा." शिक्का शोधायला वीस मिनिटं लागली. मावशी उभीच राहिली. तिथून आम्ही पोलिसांकडे गेलो, तिथेही लेखी दिलं, तिथलीही पोच घेतली.

ती निवेदकांची कवळी मात्र थांबणार नव्हती. पुढचे तीन दिवस मावशीने ती हाताने घासली. आधी जाड सॅंडपेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी ओल्या फडक्यावर पॉलिशची भुकटी. मी डबा घेऊन गेले तेव्हा तिच्या बोटांची टोकं सोललेली होती आणि ती प्रत्येक घासण्यागणिक एक शिवी देत होती. त्या शिव्या मी इथे लिहीत नाही, पण त्यांतल्या काही मलाही नवीन होत्या.

कवळी तयार झाल्यावर चौकातले डॉक्टर ती घ्यायला स्वतः आले. अठरा वर्षं मावशी त्यांचं काम करते. मऊ बोलणारा, भरपूर वाचणारा माणूस, सगळ्यांना शहाणपणाचा सल्ला देणारा. उशीर का झाला हे मावशीने त्यांना सांगायला घेतलं. मोटर बिघडली, फोनवर स्वस्तात दिसली, कंपनीचं नाव...

"शेवटी एक अक्षर जास्तीचं होतं का?" डॉक्टर म्हणाले.

मावशीने मान वर केली. डॉक्टरांच्याही लक्षात आलं की आपण काय बोलून गेलो.

"तुम्हाला कसं माहीत?" मावशीने विचारलं.

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी त्याच साइटवरून दिव्याची ऑर्डर दिली होती. दिवा आला नाही, पैसे गेले, कार्डावर भलत्याच खरेद्याही झाल्या. त्यांनी गुपचूप कार्ड बंद केलं आणि मूग गिळून बसले. बायकोलाही सांगितलं नाही.

"कुणालाच नाही?"

"कसं सांगणार? लोक म्हणतील, एवढा शिकलेला माणूस... लाज वाटली हो."

मावशी खुर्चीवरून उठली. मी तिला आयुष्यभर चिडलेली पाहिली आहे, पण अशी नाही.

"लाज?" ती म्हणाली. "चोरी त्याने केली आणि लाज तुम्हाला? गेल्या सोमवारी तुम्ही इथे, याच स्टुलावर बसून चहा प्यायलात. मोटर आवाज करतेय, आता नवीन बघावी लागेल, असं मी तुमच्यासमोर म्हणाले. म्हणाले की नाही?"

"म्हणालात."

"तेव्हा एक वाक्य बोलला असतात! 'जपून हो, असली एक बोगस साइट आहे.' एवढंच. तुमची अब्रू झाकायला माझी तीन महिन्यांची कमाई गेली. ही बोटं बघा!" तिने हात त्यांच्या तोंडासमोर धरले. "त्या चोराचा मला राग आहेच. पण तो मला ओळखत नाही. तुम्ही ओळखता."

डॉक्टरांनी मान खाली घातली. कवळी न घेताच ते जिना उतरून गेले. ती मीच नंतर त्यांच्या दवाखान्यात पोचवली. निवेदकांना पहिल्याच फटक्यात चपखल बसली. त्यांनी खुर्चीतच 'सकाळचे सात वाजले आहेत' असं म्हणून पाहिलं आणि सगळे 'स' जागेवर आले. मावशीला हे सांगितलं तर ती फक्त "हं" म्हणाली.

पुढच्या सात आठवड्यांत बँकेने दोनदा तक्रार परस्पर बंद केली. एकदा 'कागदपत्रं अपुरी' म्हणून आणि एकदा काहीच कारण न देता. दोन्ही वेळा मावशी शिक्क्याची पोच घेऊन त्याच अधिकाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा त्याने तिला बघताच स्वतःहून खुर्ची दिली. अखेर तिन्ही परदेशी व्यवहारांचे पैसे परत आले. पहिल्याचे आले नाहीत, येणारही नाहीत, कारण तो ओटीपी तिचाच होता. "तेवढी माझी फी," ती म्हणते आणि म्हणताना दात आवळते.

मोटर तिने निवृत्त झालेल्या एका कारागिराकडून जुनीच घेतली, स्वतः जाऊन, चालवून बघून. कार्डवरचे परदेशी व्यवहार बंद करून टाकले, ऑनलाइन खरेदीची मर्यादा इतकी खाली आणली की त्यात फार तर एक चप्पल येईल. आणि आता ओटीपी आला की ती मेसेज मोठ्याने वाचते, दुकानाच्या नावासकट आणि रकमेसकट, मग जवळ कुणी असो वा नसो.

डॉक्टर महिनाभर फिरकले नाहीत. कामं कंपाउंडरच्या हाती पाठवत होते. मग एका दुपारी स्वतः वर आले. हातात एक कागद. त्यांनी ओळखीच्या सगळ्या डॉक्टरांना फोन केले होते आणि आधी स्वतःची फसगत सांगितली होती. त्या कागदावर अकरा नावं होती. अकरा जण त्याच साइटवर फसले होते आणि अकराही जण गप्प होते. एक तर दंतवैद्यकाच्या कॉलेजात शिकवणारे.

मावशीने कागद दोनदा वाचला. तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली.

"अकरा," ती म्हणाली. "पहिला बोलला असता तर उरलेले दहा वाचले असते."

"ती साइट आता बंद झालीय," डॉक्टर हळूच म्हणाले. "पण काल मला दुसरी दिसली. या वेळी मधलं अक्षर बदललंय."

मी मावशीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही पुन्हा डॉक्टरांवर तुटून पडणार. तिने स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं, हातावरची भुकटी पुसली, तिची डॉक्टरांच्या नंबरांची मळकी वही काढली आणि पहिला फोन लावला.

"मिरची बोलतेय," ती म्हणाली. "हो, तुम्ही माझ्या पाठीमागे काय म्हणता ते मला माहीत आहे. पेन घ्या हातात. घेतलं? मग मी एकेक अक्षर सांगते, ते लिहा आणि तुमच्या टेबलावर चिकटवा. आणि याआधी कधी फसला असाल तर तेही आत्ताच सांगून टाका, मी हसणार नाही. चिडेन, पण हसणार नाही."