वर्गातल्या सगळ्यांची खुशाली

वाशीला राहायला आलो तेव्हा खाडीपुलापलीकडे जाणं म्हणजे माणसं तोडणं, असं आमच्याकडे सगळे म्हणायचे. फोन मिळायला वर्षं लागत. कॉलेजच्या मैत्रिणी आपापल्या संसारात पांगलेल्या. त्यामुळे ऐंशीच्या दशकात, मी चाळिशी ओलांडत असताना, आमच्या बी.ए.च्या वर्गातली एक जण बेलापुरात राहायला आली आणि एका रविवारी माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता.

तो दोन-तीन भेटींपुरता टिकला.

ती यायची ती बेलापूरजवळच्या दिवाळे गावचे सुके बोंबील घेऊन, आणि बसायच्या आधीच वर्गातल्या बातम्या सुरू व्हायच्या. कुणाचा नवरा मॅनेजर झाला, कुणी ठाण्याला बंगला बांधला, कुणाच्या मुलाला अमेरिकेत प्रवेश मिळाला. सगळ्यांचं चांगलंच चाललेलं. एकाही घरात आजारपण नाही, भांडण नाही. तिचा स्वतःचा नवरा गल्फमध्ये इंजिनियर होता. पण मी "आता मी येते तुझ्याकडे" म्हटलं की तिच्याकडे रंगकाम निघायचं, नाहीतर सासूबाई येणार असायच्या.

"ही बाई काहीतरी विकायला येते," माझा नवरा म्हणाला. "बघ, एक दिवस पिशवीतून साड्या काढेल."

साड्या निघाल्या नाहीत, तेव्हा मला जास्तच शंका यायला लागली. मग येते कशाला? माझी मुलगी पुढे काय करणार, यांची बदली होणार का, सगळं विचारायची. मी तुटक उत्तरं देऊ लागले. त्यातच मुलगी बारावीला नापास झाली. आम्ही कुणालाच सांगितलं नाही. शेजाऱ्यांना रिझल्ट राखून ठेवलाय म्हणून सांगितलं. आणि दर पंधरा दिवसांनी येणारी ही मैत्रीण त्या दिवसांत नेमकी फिरकलीच नाही. त्याचीही मी मनात नोंद घेतली.

थोड्याच दिवसांत दादरला खरेदीला गेले असताना चेंबूरला राहणारी दुसरी वर्गमैत्रीण भेटली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "अगं, अभिनंदन! मुलगी मेडिकलला लागली ना?"

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? आपली बेलापूरवाली. केवढ्या कौतुकानं सांगत होती!"

'हो, बघू' असं काहीतरी पुटपुटून मी सटकले. बसमध्ये डोक्यात एकच. हिला नापास झाल्याचं कळलंय. आधी मेडिकल म्हणून सगळीकडे पसरवायचं, म्हणजे खरं बाहेर आलं की आमचं दुप्पट हसं. कॉलेजात वक्तृत्वात मी पहिली यायचे आणि ती दुसरी. त्याचं उट्टं आता काढते की काय? आज हे लिहिताना हसू येतं, पण वाशीचा स्टॉप येईपर्यंत माझी खात्री पटली होती.

पुढच्याच रविवारी न कळवता बेलापूर गाठलं. तिचं घर दिवाळ्याच्या बाजूला आहे, एवढंच ठाऊक होतं. तिथे मासळी विकणाऱ्या बाईला विचारलं तर तिने हात करून दाखवलं, "ती बाय नं? त्या पिवल्या बिल्डिंगीन हाय, खालच्या माल्यावर."

दार तिच्या नवऱ्यानेच उघडलं. अंगात बनियन आणि लुंगी, मागे जमिनीवर पेपर पसरून शेंगा सोलायला घेतलेल्या.

"या या, वहिनी," ते गडबडून म्हणाले. "मी रजेवर आलोय."

मी काही विचारलंच नव्हतं. गल्फहून आलेल्या प्रत्येक घरात तेव्हा रेडिओ आणि कॅसेटचा टू-इन-वन दिसायचाच. इथे फडक्याने झाकलेला जुना रेडिओ होता. "परत कधी जाणार?" मी मुद्दाम विचारलं. त्यांनी आत बायकोकडे पाहिलं. ती तिथूनच म्हणाली, "व्हिसाचं चाललंय," आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"माझ्या मुलीबद्दल काय पसरवतेस तू?"

तिने स्टोव्ह बारीक केला. "रिझल्टच्या दिवशी आले होते मी. पोरगी जिन्यात बसून रडत होती. मी खालूनच परत फिरले. तू सांगितलं नाहीस म्हणून मी विचारलं नाही. पण बाकीच्या मला विचारतात ना! त्यांना काय नापास झाली म्हणून सांगू?"

"माहीत नाही म्हणायचं."

"माझ्या तोंडून 'माहीत नाही' आलं की सगळ्या ओळखतात, काहीतरी बिघडलंय." मग बाहेर ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "यांची कंपनी बंद पडलीय. गल्फला ते कधी गेलेच नाहीत."

मला वाईट वाटायला हवं होतं. त्याआधी तोंडातून निघालं, "मग तो बंगला? अमेरिकेतला मुलगा? तेही असंच का?"

"ते मी तुला सांगणार नाही."

खूप विचारलं. नाहीच सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत सात-आठ जणी माझ्याकडे जमलो. कुणीतरी मेडिकलचं विचारलंच. मी म्हणाले, "नापास झाली होती. ऑक्टोबरला परत बसलीय." "होतं गं असं कधीकधी," एकीने म्हटलं आणि बोलणं चकल्यांवर गेलं. माझ्यामागून आणखी कुणी तोंड उघडेल, असं मला वाटलं होतं. कुणी उघडलं नाही. मी एकेकीचा चेहरा बघत राहिले. अमेरिकेतल्या मुलाची आई चहाच्या कपातून मान वर काढेना. की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे.

जिना उतरताना बेलापूरवाली चिडून म्हणाली, "कशाला सांगितलंस? आता माझं कोण खरं मानणार?"

मुलगी ऑक्टोबरला सुटली, पुढे फार्मसीचा डिप्लोमा करून नोकरीला लागली. मैत्रिणीचं येणं कमी झालं. वर्षभराने ती पेढे घेऊन आली. नवऱ्याला उरणला एका गोदामात सुपरवायझरची नोकरी लागली होती. मी पेढा खाल्ला, तिचा हात दाबला. ती गेल्यावर माझा नवरा म्हणाला, "खरं असेल?"

"असेल," मी म्हणाले.

नंतर एकदा सकाळी कामानिमित्त बेलापूरला गेले होते. उरणच्या बसच्या रांगेत तिचा नवरा हातात डबा घेऊन उभा दिसला. मी हाक मारली नाही. पण बस आली आणि तो आत चढला, तोवर तिथून हललेही नाही.